गाडी धावती राहावी म्हणून

जुन्या गाडीला कारखान्याने जे रूप दिले, त्याबाहेर कोणी हात लावू नये, या मताचा मी बरीच वर्षे होतो. ते मत मी मनात ठेवत नसे, चारचौघांत आग्रहाने मांडत असे. माझ्याकडे १९७६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वाईच्या एका डॉक्टरांकडून ती घेतली, तेव्हापासून तिची बहुतेक कामे मी पुण्यात घराच्या अंगणातच करत आलो आहे. पाने, जॅक, रॉकेलची परात, जुने फडके आणि अडले की हाकेला ओ देणारी अनुभवी माणसे, एवढ्या भांडवलावर एक गाडी सांभाळता येते, याचे मला फार समाधान आहे. पण नट बदलायचा झाला तरी त्याच घडणीचा हवा, वायर बदलायची तर त्याच रंगाची हवी, असा माझा कटाक्ष असे. कोणी डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवला किंवा पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातले, की ती गाडी माझ्या दृष्टीने आमच्या पंगतीतून उठली.

आज माझ्या पद्मिनीत आल्टरनेटर आहे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पुढच्या बाकाला सीट बेल्ट आहेत आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर मूळचा नाही. माझे मत बदलले आहे. ते का बदलले आणि कुठवर बदलले, हे मोकळेपणाने सांगावेसे वाटते. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण तिच्यात तथ्य होते आणि आजही आहे. आपल्याकडे पद्मिनी हजारोंनी धावल्या, पण जशाच्या तशा राहिलेल्या फार थोड्या. स्टिअरिंगचा गिअर काढून खाली आणला गेला, सलग बाक जाऊन दोन सुट्या सीटा आल्या, स्पीकरसाठी दारांच्या पत्र्याला भोके पडली, क्रोमच्या पट्ट्या भंगारात गेल्या. एकदा का वस्तू गेली, की ती कशी होती हे सांगणाराही काही वर्षांनी उरत नाही. म्हणून मी मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी जाऊन ढिगारे उपसत असे. मुंबईला गेलो की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर ठरलेली. टेललाइटची काच, हॉर्नची रिंग, व्हील कॅप असे काही हाती लागले, की तो दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटे. त्या शोधाशोधीचा मला आजही आनंद आहे आणि ती मी सोडलेली नाही.

माझे मत बदलण्यात सर्वात मोठा वाटा आमच्या मंडळींचा. आम्ही काही जण जमेल त्या रविवारी कोणाच्या तरी अंगणात जमतो. जे लांब आहेत ते फोनवर असतात. त्यात पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर काका आहेत. कोल्हापूरच्या एक शिक्षिका आहेत, त्या स्वतःच्या फियाटचा कार्बोरेटर स्वतः उघडतात आणि स्वतःच बसवतात. दादरचे एक मिस्त्री आहेत, त्यांची उमेदीची वर्षे टॅक्स्यांची इंजिने बांधण्यात गेली. या माणसांचा सल्ला कसा असतो ते सांगितले पाहिजे. गाडी मिस मारते म्हणून फोन केला, तर मिस्त्री आधी एकच सांगतात, “प्लग काढा आणि रंग सांगा.” प्लगचे टोक कोरडे आणि काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल वर येते आहे. पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे आणि इंजिन आतून नको तितके तापते आहे. विटकरी असेल तर प्लग पुन्हा जागेवर लावा आणि दोष दुसरीकडे शोधा. शंभर मैलांवरून दिलेले हे निदान बहुतेक वेळा अचूक ठरते. कॉम्प्रेशन गेज, टायमिंग लाइट, पुलर असली महागडी हत्यारे आमच्यात एकेकच आहेत आणि ती घरोघर फिरतात. त्याबद्दल कोणी कोणाकडून पैसा घेत नाही.

याच मंडळींत माझ्या मताला पहिला तडा गेला, तो इग्निशनवरून.

जुन्या गाडीत ठिणगी पडते ती डेल्कोमधल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, पॉइंटमुळे. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते. ही उघडझाप मिनिटाला हजारो वेळा चालते. पॉइंटची तोंडे जळतात, टाच झिजते, फट बदलते आणि फटीबरोबर टायमिंगही सरकते. मग पॉलिश पेपरने तोंडे घासायची, फीलर गेजची पाती सरकवून मिलिमीटरच्या जेमतेम निम्म्याइतकी फट लावायची, पाती किंचित अडखळत जाते ना ते बोटांनी पाहायचे. हे काम मला मनापासून आवडते. इंजिनाची नाडी आपल्या बोटांखाली आहे असे त्या वेळी वाटते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा सर्वात कडवा विरोध होता.

एकदा चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटात रात्रीच्या वेळी पॉइंटच्या जोडीला असलेल्या कंडेन्सरने मान टाकली. घरची माणसे गाडीत होती. कंडेन्सर नवाच होता, पण अलीकडे बाजारात मिळणारे कितीतरी कंडेन्सर तापले की दगा देतात. माझ्याजवळ जादाचा होता. टॉर्च तोंडात धरून तो बदलला आणि आम्ही निघालो. हा प्रसंग मी मंडळींना काहीशा अभिमानाने सांगितला. काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “अरे, पॉइंट सेट करायला तुला आवडतं, ते ठीक आहे. घरी हवं तितकं कर. पण घाटातल्या वळणावर, पाठीमागून ट्रक येत असताना, गाडीत बसलेल्या माणसांनी तुझ्या आवडीपायी का थांबायचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी गाडीच्या मूळ रूपाचा विचार करत होतो, तेव्हा तिच्यात बसणाऱ्यांचा विचार त्यात धरलेलाच नव्हता. मूळ रूप राखणे ही गाडीवरची निष्ठा, हे मी गृहीत धरले होते. गाडी माणसांना ठरल्या ठिकाणी सुखरूप पोचवण्यासाठी बांधलेली असते आणि तिच्या त्या कामाशीही निष्ठा असू शकते, हे त्या दिवशी काकांनी माझ्यासमोर ठेवले. पुढे आम्ही डेल्कोच्या टोपीखाली चुंबकावर चालणारे छोटे मॉड्यूल बसवले. बाहेरून काहीच दिसत नाही. पॉइंटची प्लेट तेल लावून, मेणकागदात गुंडाळून डब्यात ठेवली आहे. मनात आले तर ती तासाभरात परत बसेल.

दुसरा धक्का पेट्रोलने दिला आणि तो जास्त मुळावर होता. माझी गाडी बांधली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये उशीसारखा राही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेसाठी आणि मुलांच्या मेंदूसाठी ते बंद होणे फार गरजेचे होते. पण बऱ्याच जुन्या इंजिनांना त्यानंतर कडक धातूच्या सीटा बसवून घेणे भाग पडले. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले इथेनॉल आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांतही बनते, त्यामुळे ऊस पिकवणाऱ्या मुलखात राहून त्याच्याविषयी परकेपणा बाळगण्याचे कारण नाही. मात्र या इंधनाचा स्वभाव वेगळा आहे, हे जुन्या गाडीच्या मालकाने समजून घेतले पाहिजे.

इथेनॉल जुन्या जातीचे रबर फुगवते आणि ठिसूळ करते. ते हवेतली ओल शोषून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी उतरतात आणि पत्र्याला आतून गंज धरतो. जळताना त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. त्यामुळे पूर्वीच्या जेटवर चालणाऱ्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते. आजच्या गाडीतला संगणक हे ओळखून स्वतःच पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, ते माणसालाच कळावे लागते.

माझ्या गाडीला मी मोठ्या खटपटीने त्या काळच्या धाटणीची, वरून कापडी वीण असलेली पेट्रोलची नळी मिळवून लावली होती. बॉनेट उघडले की ती पाहून जुने मिस्त्रीही खूश होत. एक दिवस पेट्रोलचा वास जरा जास्त आला म्हणून नळी काढली. वरून ती निर्दोष दिसत होती. दोन बोटांत धरून वाकवली, तशी वीण ओलसर झाली. ब्लेडने वीण उभी चिरली, तर आतल्या रबराला बाकाच्या जागी बारीक भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक भेगेत पेट्रोल चमकत होते. तिथून तापलेले इंजिन वीतभर अंतरावर होते. कोल्हापूरच्या मॅडमना फोन केला. त्यांनी इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरो-रबरची नळी आणायला सांगितली, जिला बाजारात व्हायटन म्हणतात. मी विचारले, “मॅडम, आत नवी नळी आणि वरून जुनी वीण चढवली तर?” त्या लगेच म्हणाल्या, “मुळीच नको. गळती सुरू झाली तर ती आपल्याला दिसली पाहिजे. वीण ती लपवून ठेवेल.”

त्या वाक्याने माझ्या मनातली गुंतागुंत सुटली. जुने रूप जेव्हा धोका झाकून ठेवू लागते, तेव्हा त्याचा आग्रह सोडायला हवा. मी उघडी काळी नळी लावली. पुढे प्लगचा रंग पांढरट दिसू लागला, तेव्हा मॅडमनीच मेन जेट एक मापाने मोठा घ्यायला सांगितले. पितळेच्या त्या इवल्याशा जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने प्लगला पुन्हा विटकरी रंग आला आणि घाटात इंजिनाची दमछाक कमी झाली. कारखान्याने दिलेला जेट त्या काळच्या पेट्रोलसाठी अगदी योग्य होता. पेट्रोल बदलले, तेव्हा तो जेट तसाच ठेवल्याने इंजिनाचे मूळपण राहत नव्हते, त्याचे आयुष्य कमी होत होते.

ब्रेकचा आणि बेल्टचा प्रश्न माझ्या मुलीमुळे आला. तिने गाडी चालवायचा परवाना काढला आणि काही महिन्यांनी म्हणाली, “बाबा, पद्मिनी मी चालवू?” मी स्वतः ती बेल्टविना वर्षानुवर्षे चालवली होती. १९७६ साली या गाड्यांना बेल्ट नसत. आपल्याकडे पुढच्या सीटांना बेल्ट देणे कंपन्यांना बंधनकारक झाले ते १९९४ मध्ये. पण किल्ली तिच्या हातात देताना, पुढचा बाक जसा होता तसाच ठेवायचा, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. माझ्यासाठी मी पत्करलेली जोखीम तिच्यावर लादण्याचा मला काही अधिकार नव्हता.

बेल्ट बसवणे म्हणजे दोन बोल्ट आवळणे नव्हे. अपघाताच्या झटक्यात बेल्टवर माणसाच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते आणि ती ओढ पातळ पत्र्याला पेलत नाही. म्हणून दोन दारांमधल्या खांबाच्या आत जाड पोलादी पट्टी वेल्ड करून तिच्यात नट पक्का करावा लागतो. खाली फ्लोअरच्या पत्र्यालाही तशीच रुंद प्लेट लागते. प्लेट लावण्यापूर्वी आम्ही फ्लोअरचे रबर उचलले, तर एका कोपऱ्यात पत्रा सडलेला आणि वरून लांबी भरून रंग दिलेला निघाला. तो भाग कापून नवा पत्रा घातला, मगच पुढचे काम केले. बेल्टच्या निमित्ताने गाडीचे हाड बघायला मिळाले, हे चांगलेच झाले.

ब्रेकबाबत काकांनी फोनवर एक शब्दही सल्ला दिला नाही. म्हणाले, “ब्रेकचं काम ऐकून करायचं नसतं. मी येतो.” माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेक ऑइलचे एकच सर्किट. एखादी नळी फुटली किंवा एखाद्या व्हील सिलिंडरचे रबर गेले, की पॅडल तळाला जाते आणि चारही चाके एकदम मोकळी होतात. आम्ही दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, म्हणजे पुढची आणि मागची चाके वेगळी झाली. एक बाजू गेली तरी दुसरी हाती राहते. त्याचा ब्रॅकेट काकांनी स्वतः लेथवर बसून केला. सगळ्या रबरी नळ्या बदलल्या आणि मग ब्रेकमधली हवा काढायला बसलो.

हे काम दोघांचे आहे. मुलगी पॅडलवर, मी मागच्या चाकाखाली, मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवले. मी म्हणे “दाब”, ती पॅडल दाबून म्हणे “धरलं”. मी निपल पाव फेरा सैल करी, नळीतून बुडबुडे सरसर निघत, निपल आवळून मी म्हणे “सोड”. काका वरच्या डबीकडे लक्ष ठेवून होते, ऑइल संपून पुन्हा हवा शिरू नये म्हणून. हळूहळू बुडबुडे विरळ झाले, मग नुसते स्वच्छ ऑइल येऊ लागले. पॅडल तिच्या पायाखाली घट्ट झाले, तशी ती आतून म्हणाली, “बाबा, आता हे वर थांबतंय.” ती गाडी आता तिलाही कळू लागली होती. केवळ बघायची म्हणून ठेवलेल्या गाडीची अशी ओळख पुढच्या पिढीला कधीच होत नाही.

एवढे झाल्यावर मी या गाडीच्या इतिहासाकडे नव्याने पाहिले. जे मूळ रूप मी जपत होतो, ते मुळात कोणते? फियाट ११००/१०३ ही गाडी इटलीत १९५३ साली आली. तिची ११०० डी ही आवृत्ती १९६२ ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती १९६४ पासून कुर्ल्याला फियाट ११०० डिलाइट या नावाने बांधली. पुढे तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. तिकडे इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले होते. इकडे ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले, आणि त्या काळात कारखाना तिला सतत बदलत राहिला. सुरुवातीला पुढची दारे उलटी, मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. नंतर ती सरळ झाली. जाळी बदलली, दिवे बदलले. पुढच्या पद्मिनींत डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, शेवटी शेवटी खालचा गिअर आणि डिझेल इंजिनही आले. जो आल्टरनेटर मी परका मानत होतो, तो कारखान्यानेच तिच्या धाकट्या बहिणींना दिला होता.

आणि रस्त्यावर? मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी इतकी वर्षे तगली ती टॅक्सीवाल्यांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी तिला गरजेप्रमाणे बदलत ठेवले म्हणून. टपावर सामानाचे कॅरिअर चढले, डिकीत सीएनजीची टाकी बसली, उन्हाळ्यात फ्युएल पंपावर ओल्या फडक्याची पट्टी आली, कारण पंप तापला की पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिला आठवणारे लाखो लोक आहेत. त्यांच्या आठवणीतली गाडी कॅरिअर असलेली, रेक्झिनच्या नव्या सीटा घातलेली, पुन्हा पुन्हा बांधलेली अशीच आहे. दादरचे मिस्त्री म्हणतात, “गाडी चालवायची तर तिच्याशी बोलून घ्यावं लागतं, तिला काय हवं ते द्यावं लागतं.” त्यांच्यासारख्यांच्या हातांनी केलेले बदल हाही या गाडीचाच इतिहास आहे, आणि मी तो इतकी वर्षे हिशेबात धरला नव्हता.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा फिवा नावाचा एक महासंघ आहे. त्याने २०१२ मध्ये तुरिनची सनद संमत केली. तुरिन हे फियाटचेच गाव. ऐतिहासिक वास्तूंसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श समोर ठेवून ती तयार झाली आहे. मी ती वाचली तेव्हा मला वाटले होते, त्यापेक्षा ती फार उदार निघाली. जुन्या गाड्या रस्त्यावर वापरात राहाव्यात, असे ती म्हणते. वापरासाठी वा सुरक्षिततेसाठी बदल करावाच लागला तर तो गाडीच्या मूळ बांधणीला आणि रूपाला धक्का न लावणारा असावा, पुन्हा उलटवता यावा आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. राहत्या वाड्यात विजेची वायर आणि नळ आले म्हणून तो वाडा राहिला नाही असे आपण म्हणत नाही. तुळया कापल्या, चौक बुजवला, तर मात्र म्हणतो. गाडीलाही मी आता तोच न्याय लावतो.

यावरून माझे मत सैल झाले असे कोणी समजू नये. बदलाआधी मी आता तीन गोष्टी विचारतो. याने गाडी जास्त सुरक्षित किंवा जास्त भरवशाची होते का? हे उलटवता येते का? आणि हे काम मला किंवा आमच्यापैकी कोणाला मुळापासून कळते का? आल्टरनेटर, रिले घालून हेडलाइटचा प्रवाह जुन्या स्विचवरून वळवणे, क्रॉस-प्लायऐवजी चारही चाकांना रेडियल टायर, हे तिन्हींत बसते. टायरबाबत चारही म्हणतो ते मुद्दाम, कारण दोन जाती मिसळल्या तर वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ शकते. गाडी जमिनीलगत आणण्यासाठी कमानपाटे कापणे, मडगार्ड छाटून रुंद चाके घुसवणे, गल्ली हादरवणारा सायलेन्सर, ही कामे मला तेव्हाही पटत नव्हती आणि आजही पटत नाहीत. कायद्याचीही चौकट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. इंजिन बदलायचे किंवा रंग बदलायचा तर आरटीओकडे जावे लागते. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते. हा नियम मला जाच वाटत नाही. आपली गाडी दुसऱ्याच्या मुलांच्या रस्त्यावरून जाते, तेव्हा कोणीतरी तिचे ब्रेक पाहायलाच हवेत.

काढलेला प्रत्येक भाग मी नाव घालून डब्यात ठेवतो आणि कोणते काम कधी, कोणाच्या सल्ल्याने आणि का केले, ते वहीत लिहितो. माझ्यानंतर ज्याच्या हाती गाडी जाईल, त्याला तिचे मूळ रूप परत आणायचे असेल तर वाट मोकळी असावी. पूर्वी मी गाडी जपत होतो. आता मी तिच्याविषयीचे ज्ञानही जपतो आणि हे दुसरे काम जास्त महत्त्वाचे आहे असे मला वाटते. कारण काकांच्या हातातले लेथचे कसब आणि मिस्त्रींच्या कानातली इंजिनाची पारख कोणत्याही जुन्या बाजारात मिळणार नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. आमच्यातला एक तरुण इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवायचे म्हणतो. इंजिन जपून ठेवले तर बदल उलटवता येईल, गाडी धूर सोडणार नाही, आणि मान्यताप्राप्त किटने हे कायद्यातही बसू शकते. माझ्या तीन प्रश्नांपैकी निदान एकाला त्याच्याकडे चांगले उत्तर आहे. तरीही आज माझे उत्तर नाही असेच आहे, कारण १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा आवाज, त्याचा चोक, त्याचे तापणे-निवणे हे मला या गाडीचे प्राण वाटतात. पण पूर्वीसारखे मी त्याला पंगतीतून उठवलेले नाही. बॅटऱ्यांचे वजन मागच्या पाट्यांना पेलेल का, ब्रेक पुरतील का, याचा हिशेब आम्ही दोघे मिळून मांडतो आहोत.

ज्यांच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी गाडी आच्छादनाखाली उभी आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. मूळ सुटा भाग मिळेपर्यंत तिला थांबवून ठेवू नका. टाकीतले जुने पेट्रोल काढा, पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या आधी बदला, ब्रेक ऑइल नवे भरा, आणि मगच चावी फिरवा. अडलात तर जाणत्या माणसाला विचारा, ते आनंदाने सांगतात. काढलेले सगळे जपून ठेवा. आणि घरातल्या तरुण मुलामुलींना हातात पाना देऊन शेजारी बसवा, म्हणजे पुढे गाडी कशी सांभाळायची हे ठरवणारे कोणीतरी घरात तयार असेल.